अर्ध्या तासाची वेणी

आमच्या घरी रविवारची सकाळ वेणीने सुरू होते. ओसरीवर पाट, पाटावर सात वर्षांची नात आणि तिच्या मागे स्टुलावर मी. शेजारी पाण्याचा तांब्या, खोबरेलाची वाटी, रुंद दातांचा लाकडी कंगवा आणि एका लहान बाटलीत जवस उकळून काढलेले चिकट पाणी. हे वाचून काहींना हसू येईल. सारी हयात कापसाची प्रत ठरवण्यात गेलेला, सत्तरीला टेकलेला माणूस नातीच्या वेण्या घालत बसतो, यात हसण्यासारखे आहेच. आमच्या हिंगणघाटात शेजारीपाजारी सुरुवातीला हसलेही. आता हसत नाहीत. सवय झाली.

नातीचे केस एका मुठीत मावत नाहीत इतके दाट आहेत. सरळ नाहीत आणि पुरते कुरळेही नाहीत. लाटेसारखे वळत खाली येतात, मे महिन्याच्या कोरड्या उन्हात काथ्यासारखे राठ होतात आणि मृगाचा पाऊस पडला की असे फुलतात, की डोके दुप्पट दिसावे. माझ्या आईचे केस असेच होते, असे घरातली म्हातारी माणसे सांगतात. मी मात्र आईला मोकळ्या केसांनी कधी पाहिले नाही. पहाटे कोणी उठायच्या आत तिचा अंबाडा घालून व्हायचा आणि दिवसभर तो पदराखाली राहायचा. तिचे केस कसे होते हे मला नातीच्या डोक्यावरून कळते आहे.

वेणीफणी माझ्याकडे आली ती नाइलाजाने. सूनबाई नोकरीसाठी रोज वर्ध्याला जाते, सकाळी साडेसातची बस धरते. मुलगा बाहेरगावी असतो. घरच्या बाईंची बोटे संधिवाताने आखडलेली. राहता राहिलो मी. आणि नेमक्या त्याच सुमारास शाळेच्या डायरीत शेरा आला : ‘केस नीट बांधून पाठवावे.’ केस बांधलेलेच होते हो! पण सकाळी सातला बांधलेली वेणी प्रार्थनेपर्यंत भोवताली पिंजारून निघत असे. वर्गात कोणीतरी तिला ‘झिपरी’ म्हटले. मग ते नावच पडले. त्या दिवशी संध्याकाळी दप्तर ठेवता ठेवता तिने विचारले, ‘आबाजी, माहे केस खराब आहेत का जी?’

या एका प्रश्नासाठी हा लेख लिहायला बसलो आहे.

पहिले काही आठवडे मी जे केले ते सांगायला संकोच वाटतो. कोरडे केस, बारीक दातांची फणी आणि मुळापासून टोकाकडे जोर. आमच्या बहिणींच्या वेण्या आईने अशाच घातलेल्या मी पाहिल्या होत्या, आणि त्या बिचाऱ्या ओरडायच्या ते नाटक आहे असेच आम्ही समजत होतो. नात रडायची, मी रागवायचो, फणीचे दात तुटायचे. शेवटी घरात ठराव झाला की ही रोजची कटकट नको, केस कापून टाकावे. न्हाव्याच्या दुकानात गेलो. त्याने खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकली, तिला वर बसवले, गळ्याभोवती कापड बांधले. तिने आरशात एकदा स्वतःकडे पाहिले आणि मुकाट बसली. रडली असती तर मी कदाचित कापू दिले असते, कारण रडण्याची मला सवय झाली होती. तो मुकाटपणा मला सहन झाला नाही. न्हाव्याचे पैसे देऊन तिला तशीच घरी घेऊन आलो.

त्या रात्री मला माझेच काम आठवले. ग्रेडर रुईची प्रत पाहतो तेव्हा काय करतो? चिमटीभर रुई घेतो, दोन्ही अंगठ्यांत धरतो आणि टोकाकडून हळूहळू ओढत तंतू एका ओळीत आणतो. तेव्हा कुठे धाग्याची खरी लांबी दिसते. हिसका मारला तर तंतू तुटतात आणि चांगला माल हलका ठरतो. हजारो शेतकऱ्यांच्या कापसाला जी सबुरी मी दाखवली, ती घरच्या मुलीच्या डोक्याला दाखवायची मला सुचली नव्हती.

आणि ओलावा! कापसाच्या व्यवहारात ओलाव्यावर सारे अवलंबून. सी.सी.आय.च्या खरेदीत पुरा भाव ८ टक्के ओलाव्याला मिळतो आणि १२ टक्क्यांच्या वर गेलेला माल परत जातो, हे आमच्या भागात शाळकरी पोरही सांगेल. केसाचेही गणित ओलाव्याचेच आहे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. केसाचे मूळ ज्या खळग्यात असते तो सरळ असला तर केस सरळ येतो, तिरपा किंवा वाकडा असला तर केस वळत येतो. म्हणजे हे वळण जन्माचे, आई-बापाकडून आलेले, त्यात पोरीचा हट्ट नाही की आईचा निष्काळजीपणा नाही. डोक्याच्या कातडीतून पाझरणारे तेल सरळ केसावरून सहज टोकापर्यंत उतरते, वळणाच्या केसावर मध्येच अडते. म्हणून असे केस मुळाशी तेलकट आणि टोकाला कोरडे असतात. कोरड्या केसावरची खवल्यांची साल उचकटलेली राहते, हवेतला दमटपणा आत शिरतो, केस फुगतो आणि शेजारच्या केसात अडकतो. आपण ज्याला ‘पिंजारणे’ म्हणतो ते हेच.

एकदा हे कळले की उपाय अवघड नाही. सरळ केस भिजलेले असताना विंचरू नयेत, कारण ओला केस ताणला जातो आणि तुटतो. वळणाच्या दाट केसांचे मात्र उलटे आहे. ते कोरडे विंचरले तर जास्त तुटतात. म्हणून थोडे पाणी, थोडे तेल किंवा कंडिशनर लावून, केस ओलसर असताना, रुंद दातांच्या कंगव्याने विंचरावे. डोक्याचे चार भाग करावे. एकेक भाग हातात घेऊन टोकापासून सुरुवात करावी आणि गुंता सुटेल तसतसे वर सरकावे. ज्या भागावर काम चालले आहे तो वरच्या बाजूला मुठीत धरून ठेवावा, म्हणजे ओढ मुळाला पोचत नाही आणि पोर ओरडत नाही. आठवड्यातून एकदोनदाच डोक्यावरून न्हाऊ घालावे. टॉवेलने खसाखसा पुसू नये, जुन्या सुती धोतराने टिपून घ्यावे. रात्री सैल वेणी घालून झोपवावे. बस, एवढेच शास्त्र.

तेलाबद्दल दोन शब्द. नहाण्याआधी खोबरेल लावल्याने केसातले प्रथिन कमी वाहून जाते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या रेळे आणि मोहिले यांच्या अभ्यासात दिसले. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने तसा गुण आला नाही. हा अभ्यास खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेतला आहे, हेही सांगायला हवे. पण आजीबाईंचा अनुभव आणि कंपनीचे संशोधन इथे एकाच बाजूला उभे आहेत. जवसाची गोष्ट आणखी गमतीची. जवस हे आपल्या विदर्भाचे जुने पीक. सोयाबीन आले आणि जवसाचा पेरा आक्रसला, ताटातल्या चटणीपुरता उरला. तोच जवस पाण्यात उकळून, गाळून निघणारे चिकट पाणी आता मोठ्या शहरांत ‘फ्लॅक्ससीड जेल’ म्हणून शोभिवंत बाटलीत विकले जाते. घरी ते दोन चमचे जवसात होते. केसांवर ते हलके लावले की वळणे जागच्या जागी राहतात.

पण ‘पिंजारलेले केस’ हा शब्दप्रयोग मला कापसाच्या गावचा माणूस म्हणून नेहमी खटकतो. पिंजारी काय करायचा? दबलेल्या, गोळा झालेल्या कापसावर धनुकलीची तार वाजवायचा, त्यातला कचरा झाडायचा आणि तंतू न् तंतू मोकळा करायचा. आमच्या वर्धा जिल्ह्यात तर सेवाग्रामच्या नई तालीमने पिंजणे आणि कातणे हे शिक्षणाचेच साधन मानले. १९३७च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून ती कल्पना पुढे आली. चांगला पिंजला नाही तर पेळू होत नाही आणि पेळूवाचून सूत नाही. पिंजणे ही व्यवस्थेची पहिली पायरी. आपण मात्र तो शब्द अव्यवस्थेची शिवी म्हणून पोरींच्या डोक्यावर मारतो.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. वर सांगितलेले सारे शास्त्र एका अटीवर चालते. कोणाजवळ तरी रोज पंधरा मिनिटे आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास हवा. माझ्याजवळ तो आहे, कारण मी सेवानिवृत्त आहे. आमच्या घरामागच्या वस्तीतल्या बाईजवळ तो कुठून येणार? दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू झाली की ती दिवस उगवायच्या आत दुसऱ्याच्या वावरात जाते, दिवेलागणीला परतते आणि चुलीपुढे बसते. तिच्या मुलीचे केसही आमच्या नातीसारखेच. मागच्या हिवाळ्यात ती पोर खेळायला आली तेव्हा तिच्या मानेजवळ लिंबाएवढा घट्ट गोळा झालेला दिसला. मी कंगवा घेतला तर तिची आजी घाईने म्हणाली, ‘राहू द्या भाऊ, हात नोका लावू. देवीचं असन तं?’

ऐकून मी गार पडलो. इतक्या साध्या गुंत्यापासून देवीपर्यंतची वाट इतकी आखूड आहे, हे मला तोवर पुस्तकातच माहीत होते.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि पलीकडच्या बेळगाव भागात या वाटेवर कित्येक मुलींची आयुष्ये संपली आहेत. केसांत जट आली म्हणजे सौंदत्तीच्या यल्लम्माचे बोलावणे आले, असे मानायचे. मग ती जट विंचरायची नाही, कापायची नाही. तिला हळदीचा भंडारा लावायचा, तिची पूजा करायची आणि पोरीला देवीला सोडायचे. राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ हा २००९चा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्यातली मुलगी आणि तिच्या केसांतली जट आठवत असेल. कर्नाटकाने १९८२मध्ये आणि महाराष्ट्राने २००५च्या कायद्याने मुलीला असे सोडणे हा गुन्हा ठरवला. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने हा प्रश्न गावोगाव मांडला. २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा झाला. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी आजवर शेकडो स्त्रियांच्या जटा सोडवल्या आहेत. त्या आधी बोलतात, घरच्यांची भीती ऐकून घेतात, बाईचा होकार घेतात आणि मगच कात्री चालवतात. कित्येक वर्षे मानेवर ओझे वाहिलेली बाई त्यानंतर पहिल्यांदा उशीवर डोके टेकून सरळ झोपते.

जट म्हणजे काय? रोज आपल्या प्रत्येकाचे पन्नास ते शंभर केस आपसूक गळतात. विंचरले तर ते कंगव्यात येतात. विंचरले नाही तर ते उरलेल्या केसांत गुंततात, त्यात तेल, धूळ, घाम बसतो, खवले एकमेकांत रुततात आणि नमदा तयार होतो. दाट, राठ, वळणाच्या केसांत हे लवकर होते. यात देवीचा काही संबंध नाही, आणि हे काही आपल्याच अडाणीपणाचे वैशिष्ट्यही नाही. युरोपात पोलंडमध्ये अशा जटांचा इतका सुळसुळाट होता, की वैद्यकाने तिला नावच ‘प्लिका पोलोनिका’, म्हणजे पोलंडची जट, असे दिले. तिथेही लोक म्हणत की जट कापली तर माणूस आंधळा होईल, वेडा होईल. क्राकोव शहराचे डॉक्टर आणि पुढे नगराध्यक्ष झालेले युझेफ डिट्ल यांनी एकोणिसाव्या शतकात तिच्याविरुद्ध मोहीम उघडली. साबण, पाणी, कंगवा आणि कात्री यांपुढे ती जट टिकली नाही.

या वस्तीतल्या बायांना मी दोष देत नाही. ज्याला वेळ नसतो त्याला कारण लागते, आणि देवी हे सर्वांत सोयीचे कारण. उवांचेही तेच. तेल लावून ओल्या केसांतून बारीक फणी फिरवायची, काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा फिरवायची, हा उपाय वेळखाऊ. म्हणून कपाशीवर फवारायचे औषध पोरीच्या डोक्याला चोळण्याचे अघोरी प्रकार घडतात. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे धट्टेकट्टे शेतकरी-मजूर विषबाधेने दगावले, हे आपण विसरलो का? ते विष लेकराच्या कातडीतून अंगात भिनायला कितीसा वेळ लागणार?

म्हणजे पाहा, घरात वेळ नसला की केसांचा निवाडा दुसरेच कोणी करते. गरिबाघरी देवी करते, आमच्यासारख्यांकडे शाळा करते किंवा न्हाव्याची कात्री करते. बाईच्या केसांवर बाईखेरीज सर्वांचा हक्क, ही आपली जुनीच रीत आहे. याच महाराष्ट्रात नवरा मेला की बाईला न विचारता तिचे केस उतरवले जात. आणि याच महाराष्ट्रात १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र आले आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असा निर्धार त्यांनी केला. पोटावर पाय येत असताना वस्तरा खाली ठेवणारी ती माणसे मला फार मोठी वाटतात. त्यांच्या तुलनेत आपल्याला काय सोडायचे आहे? थोडी घाई आणि एक शिवी.

शाळांची बाजू मला कळते. पन्नास मुलींच्या वर्गात उवा पसरतात, मोकळे केस डोळ्यांवर येतात, शिस्त लागते. केस बांधून या, हा नियम योग्यच आहे. पण बांधलेले केस चापूनचोपून सपाट दिसलेच पाहिजेत, हा नियम कोणत्या शास्त्रात आहे? पोरीच्या कपाळावरचे केस ओढून घट्ट वेण्या घातल्या तर रोजच्या ताणाने मुळे सैल होतात आणि त्या जागचे केस कायमचे जाऊ शकतात, हे त्वचारोगाचे कोणतेही डॉक्टर सांगतील. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या एका मुलींच्या शाळेत २०१६ साली काळ्या मुलींनी आपल्या नैसर्गिक केसांवरील निर्बंधांविरुद्ध निदर्शने केली. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०१९मध्ये केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदाच केला. आपल्याकडे मोर्चा नको नि कायदाही नको. शाळेत जाऊन मी नातीच्या बाईंशी दहा मिनिटे बोललो. हे केस असेच असतात, विंचरलेले असूनही असेच दिसतात, एवढेच सांगितले. बाईंनी ऐकून घेतले. डायरीतले शेरे थांबले. वर्गातल्या ‘झिपरी’ शब्दाचे काय करायचे तेही त्यांनी पाहिले, कसे ते मी विचारले नाही.

दुसरे सांगणे पुरुषांना आहे. मुलीची वेणी घालता येणे यात पुरुषाचे काहीही कमी होत नाही. कापसाच्या गाठी मोजणारे, ट्रॅक्टर दुरुस्त करणारे, संगणकावर बोटे फिरवणारे हात तीन पेडांची वेणी शिकू शकतात. मला शिकायला तीन रविवार लागले. ज्या घरात वेणी हे फक्त आईचे काम असते, त्या घरात आई दमली की केस कापले जातात. दोन माणसे शिकली तर मुलीला निवड करता येते. तिला आखूड केस हवे असतील तर अवश्य कापावेत. पण ते तिला हवे म्हणून, आपल्याला कटाळा आला म्हणून नव्हे.

नातीच्या त्या प्रश्नाला मी तेव्हा उत्तर दिले नव्हते. पुढे एकदा तिला गावातल्या बुद्धविहारात घेऊन गेलो आणि मूर्तीचे डोके पाहायला सांगितले. डोक्यावर शंखासारखी लहान लहान वळणे. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, ‘यांचे बी तसेच आहेत ना जी!’ मी हो म्हटले.

मागच्या वस्तीतल्या त्या पोरीचा गोळा सोडवायला चार रविवार लागले. तिच्या आईला आधी विचारले, आजीला समजावले. रोज संध्याकाळी तेल मुरवायचे, रविवारी बोटांनी एकेक केस मोकळा करायचा. मधला थोडा भाग सुटेना, तो तिच्या आईनेच कात्रीने कापला. कापताना तिचा हात थरथरत होता. नंतर काही झाले नाही. काही होणारच नव्हते.

आता रविवारी पाटावर दोघी बसतात. अर्ध्या तासाचा एक तास झाला आहे.